ओला आकडा

धाकट्या दिराचं गोड बोलणंच वहिनीला खटकलं. तीन दिवस घरात तोंडाला कुलूप, आणि आज सकाळी अचानक "वहिनी, तुम्ही". सात वर्षांचा होता तेव्हापासून तिनं त्याचं नाक पुसलं होतं. त्यानं तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. आणि मागणं काय, तर हॉस्पिटलच्या मागे लोखंडी झाकणांचे बारा खड्डे आहेत, त्यातल्या सातव्यात आठ बादल्या पाणी ओता. अर्थ तपासायला माणूस येणार आहे.

वहिनी त्या हॉस्पिटलात सफाईच्या बायकांची मुकादम. दीर तिथलाच वायरमन, तिनंच शब्द टाकून चिकटवलेला. अर्थ तपासायचा म्हणजे काय, हे तिला कळेना. दोन इयत्ता शाळेत गेली तेवढ्यात कवितेला अर्थ असतो असं कानावर पडलं होतं. इमारतीला असतो हे नवीनच. पण विचारलं तर अडाणी ठरायचं, म्हणून मुकाट्यानं आठ बादल्या ओतल्या.

दहाला तपासनीस आला. खड्ड्यातली पट्टी सोडवायची, लांब जमिनीत दोन सळ्या ठोकायच्या, त्यांच्या वायरी मोजायच्या डब्याला जोडायच्या, डब्याचं बटण दाबून आकडा बघायचा. आकडा जितका कमी तितका चांगला, असं तो म्हणाला आणि वहिनी आणखीच गोंधळली. कमी ते चांगलं, असं आजवर तिला फक्त डॉक्टर म्हणाला होता, तेही साखरेबद्दल.

सातव्या खड्ड्याचा आकडा आला साडेचार. पाचाच्या आत हवा होता. तपासनिसानं लिहायला पेन काढलं आणि सहज विचारलं, इथंच माती ओली दिसतेय, पाणी घालता का.

"रोज," दीर चटकन म्हणाला. "वहिनीच घालते."

 घातलं ते आज, पहिल्यांदा, तेही याच्या सांगण्यावरून. पाण्यासाठी कुणी खोटं बोलतं का? तिनं तपासनिसाला विचारलं, "आणि रोज घालत नसले, तर?"

माणूस सरळ होता. त्यानं समजावून सांगितलं. पाणी आटलं की आकडा चढणार. वरच्या एखाद्या मशिनच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला या खड्ड्यातून जमिनीत जायला वाट हवी, त्या वाटेलाच अर्थ म्हणतात. वाट नसली की ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते.

सातवा कुठला, तिनं विचारलं. धुलाईखोलीचा, तो म्हणाला.

गेल्या महिन्यात धुलाईखोलीत काम करणारी चिमणी सांगत आली होती, मशिन चावतं. कामचुकारांनाच मशिनं चावतात, असं वहिनीनं तिला चारचौघींत सुनावलं होतं. तेव्हापासून चिमणी हाताला कोरडं फडकं गुंडाळून काम करायची, बोलायची नाही.

दिरानं मान किंचित हलवली. नको, वहिनी.

"आजच घातलं," वहिनी म्हणाली. "आठ बादल्या."

तपासनिसानं पेन खिशात ठेवलं. ते मशिन आत्तापासून बंद, आठ दिवस माती वाळू द्या, मग पुन्हा मोजू, असं सांगून तो आठव्या खड्ड्याकडे गेला.

दीर झाकणावरच बसला. मग हळूहळू बाहेर आलं सगळं. सातव्यातला, वीज जमिनीत नेणारा पाइप गंजून संपलाय, त्याला दोन वर्षं ठाऊक होतं. खणू खणू म्हणत राहून गेलं, वहीत जुनाच आकडा उतरवला, पुढं सांगायची छाती झाली नाही. आता नोकरी जाणार.

"तू कुणाची गं, वहिनी?" त्यानं विचारलं. "माझी का हॉस्पिटलवाल्यांची?"

 गुडघ्यांवर हात टेकून ती त्याच्या शेजारी बसली. हा इतका कधी घाबरायला लागला आणि आपल्याला कसं दिसलं नाही, ते तिला कळेना. मग ती म्हणाली,

"तू वाईट नाहीस, धाकट्या. भित्रा आहेस. भित्र्याला मी जन्मभर जेवायला घालीन, पण माझ्या बायकांचा जीव त्याच्या हातात देणार नाही. ऊठ. मला एकीची माफी मागायची आहे आणि तुला ऑफिसात वीजखोलीच्या किल्ल्या परत करायच्या आहेत. कुणी मागायच्या आत देऊन ये."