सदर शिक्षकाच्या तोंडाबद्दल

"वाचून घ्या आणि खाली सही करा," असं म्हणून हेडमास्तर मोहरीलांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला, आणि उठून खिडकी उघडली.

ती खिडकी उघडताना मनसाराम तीन वर्षं पाहत आला होता. तो खोलीत आला की ती उघडे, तो गेला की लागे. पौषातल्या थंडीतसुद्धा. हेडमास्तरांनी कधी नाकाला रुमाल लावला नाही की तोंड वाकडं केलं नाही. ते सभ्य गृहस्थ होते. हजेरीपट हातात देण्याऐवजी ते टेबलावर ठेवत, खडूची पेटीही तशीच, आणि मनसारामशी बोलताना भिंतीवरच्या नकाशाकडे बघत.

कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘सदर शिक्षक मासेमारी करणाऱ्या ढिवर जातीचे असून जातिगत आहार व सवयी यांमुळे त्यांच्या मुखास सतत दुर्गंधी असते. विद्यार्थ्यांस त्याचा उपद्रव होतो. तरी त्यांची बदली आतील जंगलातल्या एखाद्या एकशिक्षकी शाळेवर व्हावी, अशी शिफारस आहे.’

मनसारामने ते दोनदा वाचलं.

"राग मानू नका," हेडमास्तर नकाशाला म्हणाले. "तुमच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पालक बोलतात. आणि तिकडे आत तुम्हालाही मोकळं वाटेल. तिथल्या पोरांना अशा गोष्टींचं काही नसतं."

तिथल्या पोरांना नाक नसतं का, हे मनसारामच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर माणूस असताना ओठ फार उघडायचे नाहीत, ही सवय आता हाडात शिरली होती. मान थोडी बाजूला वळवून तो एवढंच म्हणाला, "सोमवारी सही करतो."

या शाळेत तो नवा रुजू झाला त्याच महिन्यात हे सुरू झालं होतं. एका सकाळी हेडमास्तर हसत म्हणाले होते, "काल घरी मासोळी झालेली दिसते!" आदल्या दिवशी दोन्ही वेळा भोपळ्याची भाजी झाली होती. तसं सांगता आलं असतं. पण खोलीतले बाकीचे तीन मास्तर हसले, आणि त्यांच्याबरोबर मनसारामही हसला. ते हसणं पुढे त्याला कितीतरी वेळा आठवलं.

त्या दिवसापासून त्याने मासोळी सोडली. घरात शिजवणंही बंद केलं. बायकोला, कमळाला, खावंसं वाटलं तर ती सासूकडे जाऊन खाऊन येई आणि विहिरीवर राखेने हात घासून मगच घरात शिरे. आई रंभा वडशाच्या बाजारात मासोळ्या विकायची. एकदा परतताना ती डोक्यावरच्या टोपलीसकट त्याच्या दारात उभी राहिली. नेमके तेव्हाच रस्त्याने हेडमास्तर चालले होते. मनसाराम घाईघाईने म्हणाला, "माय, टोपली घेऊन इथी येत जाऊ नको." त्यानंतर ती टोपली घेऊन आली नाही, आणि टोपलीवाचूनही आली नाही.

रोज पहाटे तो कोळसा आणि मीठ घेऊन दात घासत बसे. रक्त आलं की आता स्वच्छ झालं असं समजे. वेलची चघळे, लवंग धरे. तरी खिडकी उघडतच राहिली. मग त्याच्या मनाने एक निकाल देऊन टाकला होता: वास खाण्याचा नाही, रक्ताचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तलावात उभ्या राहिलेल्या माणसांचा तो वास आहे आणि तो जायचा नाही. जिल्ह्यात पहिल्या दहांत पास झालेला हा माणूस असं मानत होता, आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

शनिवारी बाजाराच्या दिवशी तो चालत वडशाला गेला. स्टेशनाजवळ रेल्वेचे डॉक्टर सान्याल बसत. दुपारून ते बाहेरच्यांनाही तपासत. मनसारामला औषध नको होतं. आपण मासे खात नाही, एवढं डॉक्टरच्या सहीने लिहून हवं होतं.

"पहिले तोंड उघडा, मास्टर," डॉक्टर म्हणाले. "आणखी. शरमता काय, मी काय सोयरीक पाहून राह्यलो?"

डॉक्टर बंगाली होते, पण पंधरा वर्षांत वडशाची भाषा त्यांच्या जिभेवर बसली होती. त्यांनी बोटाला कापूस गुंडाळून हिरडी दाबली आणि कापूस मनसारामच्या डोळ्यांसमोर धरला. त्यावर पिवळा डाग होता.

"पू. किती दिवसांपासून रक्त येते?"

"घासल्यावर येतं."

"घासल्यावर नाही. हिरड्या सडून राहिल्या, म्हणून घासल्यावर येते." त्यांनी लोखंडी आकडी खालच्या दातांमागे घातली आणि झटका दिला. चुन्यासारखी एक खपली चिनीमातीच्या वाटीत टणकन पडली. "हे कीटण. याच्याखाली रोग घर करून बसला. पायोरिया. वास याचा."

मनसारामने तोंड मिटलं, गिळलं. मग पाठ करून आणलेलं वाक्य म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी तीन वर्षांपासून मासे खात नाही. तेवढं लिहून द्या."

"काऊन खात नाही?"

"वासासाठी."

डॉक्टरांनी आकडी खाली ठेवली.

"मी सान्याल. ब्राह्मण. दुपारी मासे, रात्री मासे. माझ्या लग्नात पाटावर रोहू ठेवला होता, सिंदूर लावून." आणि एकाएकी पुढे वाकून त्यांनी मनसारामच्या तोंडावर लांब श्वास सोडला. "आला वास?"

"तंबाखूचा आला."

"मासळीचा?"

"नाही."

"मग? कोण्या डॉक्टरने सांगितलं होतं तुम्हाला?"

कुणीच नव्हतं सांगितलं. डॉक्टरने नव्हे, वैद्याने नव्हे. एक खिडकी उघडली होती, आणि मनसारामने बाकीचं सगळं स्वतःच्या मनाने वाचून घेतलं होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: ‘यांना हिरड्यांचा जुना रोग आहे. रोगी तीन वर्षे मासे खात नसूनही दुर्गंधी कायम आहे. सबब तिचा आहाराशी किंवा जातीशी संबंध नाही. इलाजाने बरी होईल.’ दोन दाढा काढाव्या लागतील, चार शनिवार खरवडावं लागेल, कोळसा फेकून द्यावा, बाभळीची काडी मऊ चावून घासावं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, असं सगळं त्यांनी समजावलं. मनसाराम मान हलवत होता. त्यातलं निम्मं त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

बाहेर आल्यावर त्याला राग आला. तो कधी रागावत नसे, त्यामुळे हे काय होतंय हे समजायलाच त्याला रुळांच्या कडेने बरंच चालावं लागलं. कानशिलं तापली होती. एक रोग तीन वर्षं त्याच्या तोंडात वाढत होता, आणि शिकलेल्या चार माणसांपैकी एकालाही हा आजार असेल असं वाटलं नव्हतं. मोहरीलांच्या पुतण्याच्या तोंडाला असा वास आला असता, तर त्याला त्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. ढिवराच्या तोंडाला वास आला, तर खिडकी.

पाय त्याला मासोळीबाजारात घेऊन आले. तिथे तो तीन वर्षांत फिरकला नव्हता.

"सरका वं, सरका!" आईशेजारी बसणारी रुखमा ओरडली. "गुरुजी आले! त्यायच्या धोतराले वास लागन!"

बायका हसल्या. रंभाने मान वर केली नाही. ती मरळीवर पाणी शिंपडत होती.

"काय पायजे गुरुजी? वांगे त्या अंगाले हायेत."

"माय," मनसाराम उकिडवा बसला. "डॉक्टरकडे गेलतो."

तिचा हात थांबला. "काऊन?"

"माह्या तोंडाचा वास येते ना, तो मासोळीचा नाई. हिरड्यायचा रोग आहे. आत पू झाला."

"घ्या!" रुखमा म्हणाली. "आन् बदनाम आमच्या टोपल्या!"

रंभा हसली नाही. तिने ओल्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि लहानपणी घशातला काटा पाहायची तसं तोंड उजेडाकडे वळवलं. मनसारामने मान बाजूला घेतली नाही.

"दुखते का रे?"

तीन वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"चावताना दुखते," तो म्हणाला.

"मंग तीन वर्स भातासंगं काय खाल्लं तू?"

"वरण. भोपळा."

"भोपळा," रंभा म्हणाली, जणू रोगाचं नाव तेच होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती मरळ तोलू लागली. ऊठही म्हणाली नाही आणि बसही म्हणाली नाही. गिऱ्हाईक गेलं तरी मनसाराम तिथेच होता, आणि त्याच्या धोतराचा सोगा ओल्या चिखलात पडला होता.

सोमवारी त्याने चिठ्ठी हेडमास्तरांच्या हातात दिली. टेबलावर ठेवली नाही. त्यांनी हात पुढे करेपर्यंत धरून उभा राहिला.

हेडमास्तरांनी चष्मा लावून ती वाचली आणि त्यांचा चेहरा खरोखरच खुलला.

"अहो, मग प्रश्नच मिटला! आणि तीन वर्षं मासे सोडलेत? हे आधी नाही का सांगायचं? तुमच्यात एवढा संयम म्हणजे..." त्यांनी जुना कागद फाडला, नवा घेतला, टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "‘सदर शिक्षकाने मत्स्याहाराचा पूर्ण त्याग केला असून त्यांच्या सवयी स्वच्छ आहेत. मुखदुर्गंधी हा रोग असून इलाज चालू आहे. बदलीची आवश्यकता नाही.’ झालं? करा सही."

मनसारामने कागद पाहिला. मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. घर राहणार होतं, शाळा राहणार होती, चार शनिवार वडसा जवळ राहणार होतं.

"पहिलं वाक्य काढा," तो म्हणाला.

"कोणतं? त्यागाचं?" हेडमास्तर नकाशाकडे बघत हसले. "अहो, तेच तर तुमच्या बाजूचं आहे. सवयी स्वच्छ हे मी लिहिणार कशाच्या जोरावर?"

"मी मासोळ्या खातो."

हेडमास्तरांनी पहिल्यांदाच नकाशावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"पण डॉक्टर तर लिहितात..."

"खातो. तसं लिहा. आणि सवयी स्वच्छ आहेत, तेही त्याच्याच पुढे लिहा."

"असं एका ओळीत लिहिलं, तर वरच्या कचेरीत काय वाचतील, कळतं ना तुम्हाला? ढिवर, मासे खातो, तोंडाला वास. बदली होईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"कळतं."

मग हेडमास्तरांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. त्यांचा आवाज थोडा चढला होता.

"किती वेळा खाता, तेही लिहू का?"

त्यांनी चिडून विचारलं होतं. पण मनसारामने, वर्गात एखाद्या पोराने प्रश्न विचारावा तसा तो नीट ऐकून घेतला, क्षणभर विचार केला, आणि तोंड पूर्ण उघडून उत्तर दिलं.

"रोज."