चांदीच्या लेकीचं लोढणं

थकलोय बुवा. तरी विचारलंत म्हणून सांगतो, मित्रांनो. मी बाभळीचा एक जुना ओंडका आहे. पिकात तोंड घालणाऱ्या जनावराच्या गळ्यात मला अडकवतात, म्हणून माणसं मला लोढणं म्हणतात. आता डोंगरकडा गावच्या मल्हारीच्या शेळ्यांच्या कोठ्यात खुंटीला टांगलेला आहे, आणि खरं सांगू, इथंच बरा आहे.

मल्हारीनं मला कुऱ्हाडीनं तासलं, भोक पाडलं आणि चांदी नावाच्या शेळीच्या गळ्यात बांधलं. चांदी मोठी वस्ताद! नजर चुकली की हरभऱ्यात. मी तिच्या गुडघ्यांवर आपटायचो, तिला पळता यायचं नाही. मल्हारी चारचौघांत माझी तारीफ करायचा. तेव्हा मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

चांदी म्हातारी होऊन गेली. वाटलं, सुटलो. कसलं काय! तिच्या लेकीनं, पाकळीनं, नुकतंच दूध सोडलं होतं. अजून कुणाचा बांध ओलांडला नव्हता. पण मल्हारी म्हणाला, "तेच कपाळ, तेच डोळे. आईवर गेली. चोरटीच निघणार." आणि मला तिच्या कोवळ्या गळ्यात अडकवलं. अरे, तिनं केलं काय? पण माझं ऐकतंय कोण!

शेळ्या रानात न्यायचा शिवहार, मल्हारीच्या बहिणीचा मुलगा. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली म्हणून त्याचा बाप तुरुंगात गेला, तेव्हापासून तो मामाकडेच वाढला. चांगला कर्ता तरुण झाला होता. अन् मध्येच गावातल्या अमृतरावांच्या विहिरीची केबल गेली. झालं! गाव बोलायला लागलं, "बापाचं रक्त हाय. ठिवू नको त्याला."

मल्हारीही डळमळला. रोज संध्याकाळी दारातच म्हणायचा, "पिशवी झाड." शिवहार झाडायचा. भाकरीचं फडकं पडायचं, कांद्याची सालं पडायची. शेवटी मल्हारीनं सांगून टाकलं, "बाजाराच्या दिसापस्तोर दुसरीकडं सोय बघ." त्या पोराला दुसरं छप्पर नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

बाजाराच्या दोन दिवस आधी अमृतरावांची लेक दीक्षा आली. नांदेडला वकिली शिकते ती. आल्या आल्या म्हणाली, "काका, केबल आमची गेली. तुमी शिवहारला काहून हाकलून राहिले?"

"जबडा बघ की त्याचा. बराबर बापावानी."

दीक्षा ओट्यावर बसली. म्हणाली, "तिकडं परदेशात एक डॉक्टर असाच म्हणायचा. कैद्यांची डोकी मोजायचा. जबडा मोठा, कान पसरट, कपाळ मागं गेलेलं, म्हणजे जन्मानंच गुन्हेगार. मंग दुसऱ्यांनी तुरुंगाबाहेरच्या साध्या माणसांचीबी मापं घेतली. तसलेच जबडे, तसलेच कान! भूक, गरिबी, संगत, ह्याचा हिशेब त्यानं नीट धरलाच न्हवता. अन् आपल्याकडं इंग्रजांनी तर सबंध जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कितीक लेकरांचं वाटोळं झालं."

मल्हारीनं नकळत स्वतःचा जबडा चाचपला. तो तर शिवहारच्या जबड्यापेक्षा मोठा! पण हार मानेल तो मल्हारी कसला. "माणसाचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "शेळीचं तर खरं निघालं? काल पाकळीनं माझ्यादेखत सोयाबीन खाल्लं."

शेळ्या बांधता बांधता शिवहार बोलला, "मामा, रानात गेलं की मी तिचं लोढणं काढून ठिवतो. मोकळी चरती, कुणाच्या पिकात जात न्हाई. काल तुमी संगं होते म्हणून न्हाई काढलं. ती मागं पडली, उपाशी राहिली, अन् वाटंवर जे घावलं ते खाल्लं."

"मला न इचारता?" मल्हारी भडकला.

पण शिवहार खरं तेच बोलत होता. बोरीखाली पडल्या पडल्या मी रोज बघायचो. दुसऱ्या दिवशी मल्हारी स्वतः रानात आला, स्वतःच्या हातानं मला काढलं आणि दिवसभर पाकळीवर डोळा ठेवून बसला. पाकळी कळपातच चरली, पोट भरलं तशी निवांत बसली. संध्याकाळी घरी येताना मल्हारी एवढंच म्हणाला, "शिवहार, कुठं जाऊ नको." आणि मला खुंटीला टांगलं.

केबलचा चोर अजून सापडलेला नाही. गाव अजून कुजबुजतंच. पाकळीचा गळा मोकळा आहे, तरी ती पुढचे पाय फाकवूनच चालते, मी आपटू नये म्हणून. आणि शिवहार रोज कुणी न सांगता दारात पिशवी उलटी करतो. काल मल्हारीनं त्याचा हात धरला. "पुरं की रे लेकरा. कुणी मागितलं तुला?" शिवहारनं बरं म्हणून मान हलवली.

आज पुन्हा झाडली.

मित्रांनो, कुणाचं कपाळ बघून, कुणाचा बाप बघून मला त्याच्या गळ्यात बांधू नका. बांधलं असेल तर लवकर सोडा. उशीर झाला की गळ्यातून काढलं तरी मी चालीतून निघत नाही.