प्रज्योतच्या केबलचं इन्स्पेक्शन

अरे ऐका ना, मध्ये बोलू नका, विसरेन मी! इथे बहारीनमध्ये, आमच्या गुदैबियाच्या खोलीत आम्ही तिघं. मी, प्रज्योत आणि रत्नागिरीचा उबेद. उबेद मीना सलमान बंदरात क्रेनचे वायररोप तपासतो. दोर नापास झाला की तिथल्या तिथे कापायचा, नाहीतर कुणीतरी उचलून वापरतोच, असा त्यांच्याकडचा नियम. पण हा पठ्ठ्या ड्युटी तिथे ठेवून येतच नाही ना, खोलीवर घेऊन येतो!

तर शुक्रवारी प्रज्योतला मुलगी बघायची होती, व्हिडिओ कॉलवर. अकोल्याची संघप्रिया. दुपारी तिचे वडील फोन करणार, ह्याच्याकडे त्यांचा नंबरसुद्धा नाही. ह्याचा फोन जुना, आमच्या केबलची पिन त्यात बसत नाही. ह्याची एकच केबल, तीही मानेपाशी उसवलेली. वाकडी दाबून धरली तर चार्जिंग, नाहीतर मफी, काहीच नाही.

उबेद जुम्म्याला निघाला, पांढराशुभ्र सदरा, अत्तर, आणि दारात थांबला. केबल उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"मेल्या, चार्जिंगला लावून पोटावर फोन ठेवतोस ना? मान मुडपते हिची. आत केसासारख्या तारा असतात, एकेक तुटत जाते. आणि काढताना वायर ओढतोस. डोकं धरून काढायची! गुंडाळायची तर सैल, मोठ्या वेढ्यांत. तू बोटावर आवळतोस."

"उबेदभाई, नंतर सांगा. पोरीचे वडील..."

"तारा उघड्या पडल्यात. नापास."

कच्! कात्रीने दोन तुकडे! आणि गेला नमाजाला!

मी खाली पळालो, तर सगळी शटरं बंद, जुम्मा ना! वर आलो तर बॅटरी लाल. मग दोन्ही टोकं सोलली, रंगाला रंग जुळवून तारा पिळल्या आणि चिमटीत धरून टेबलाखाली बसलो, हात तेवढा वर. चार्ज व्हायला लागला! तेवढ्यात कॉल.

"जय भीम, काका," प्रज्योत म्हणाला.

"जय भीम. तुमच्या गळ्याखाली तो हात कुणाचा आहे?"

"मित्राचा, काका."

"काय करतोय?"

"फोन चालू ठेवतोय."

मागे संघप्रिया फिसकन हसली. प्रज्योत लाजला, जरा रंगात येतोय, तोच दार उघडून उबेद, "स्टॉप वर्क! नापास माल कुणी लावला?"

आता मी सित्राच्या प्लांटवरचा माणूस. ही आरोळी ऐकली की आमचे हात आपोआप वर जातात. गेले! फोन बंद.

"खलास," प्रज्योत म्हणाला. "दोघांनी मिळून माझं लग्न मोडलंत."

उबेद गुपचूप जाऊन नवी केबल घेऊन आला. फोन सुरू झाला आणि लगेच काकांचा कॉल. "तो ओरडणारा माणूस द्या." काका वीज खात्यात लाईनमन! उबेदकडून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "असा माणूस शेजारी असेल तर पोरगी द्यायला माझी ना नाही. तिला विचारलं, तीही हो म्हणते."

ठरलं रे लग्न! पण आता काकांचा फोन आला की हवा उबेद. काल त्यांनी पिठाच्या गिरणीचा पट्टा तपासायला म्हणून कॅमेऱ्यापुढे धरला. मागून संघप्रिया हात हलवतेय, इकडून प्रज्योत हात हलवतोय, आणि उबेद ओरडतोय, "बाई, जरा बाजूला व्हा, पट्ट्यावर सावली पडतेय!"