शलूला बसमध्ये बसवायचंच

पहिली ऊ पडली ती थेट वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यावर. अवीला आधी वाटलं, तीळ आहे. मग तो तीळ चालायला लागला.

"शलू, हलू नकोस."

"किती आहेत?"

"एकच."

"खोटं. तुझा आवाज बघ कसा झालाय."

अवीनं फणी परत फिरवली, मग परत, आणि नंतर त्यानं मोजायचंच सोडून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तर काय एवढं, यार, सगळ्यांनाच होतात. पण ऐका तर! दुसऱ्या दिवशी सकाळी शलूची, म्हणजे शलोमी भिंगारदिवेची, चर्चच्या समर कॅम्पची बस होती. भीमतालच्या बाजूला, डोंगरात, पूर्ण आठवडाभर. आणि मागच्या उन्हाळ्यात त्याच कॅम्पमध्ये एका मुलीच्या उवा सगळ्या डॉर्मिटरीत पसरल्या होत्या, घरोघरच्या आया चर्चच्या अंगणात भांडायला आल्या होत्या. म्हणून यंदा नियम असा की गेटवर मर्सी सिस्टर उभ्या राहणार, एकेकीचं डोकं तपासणार, आणि जिच्या डोक्यात काही सापडलं ती गेटवरूनच घरी. रडून उपयोग नाही, पाया पडून उपयोग नाही.

आणि घरी कोण होतं? कोणीच नाही, अवीला आईपाशी दवाखान्यात थांबायचं होतं. हाच तर सगळा लोचा होता.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या जागेवर आईला, प्रभाला, अनुकंपा तत्त्वावर सरकारी ऑफिसात नोकरी लागली. दिल्लीत मयूर विहारचा दोन खोल्यांचा फ्लॅट, अवीचं कॉलेज, शलूची शाळा, सगळं ती एकटी ओढत होती. आणि तिच्या पोटात गाठी झालेल्या. रक्त इतकं जायचं की एकदा मेट्रोत उभ्या उभ्या कोसळली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, हिनं रद्द केली. का? तर शलूला कुठे ठेवू. दुसरी तारीख दिली, तीही रद्द केली. चर्चमध्ये कोणाला विचारायचं नाही, शेजाऱ्यांना विचारायचं नाही, कोणाचे उपकार नकोत. शेवटी डॉक्टरीणबाईच चिडल्या, "अगली बार बेहोश होके आओगी तो मैं कुछ नहीं कर पाऊँगी." मग कॅम्पचं निघालं आणि आईनं सुटकेचा निःश्वास सोडला. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तिनं शलूची बॅग स्वतः भरली. टॉवेल, स्वेटर, मोज्यांवरसुद्धा लाल दोऱ्यानं नाव घातलं. ताट, वाटी, टॉर्च, बायबल. आणि जाताना अवीला म्हणाली, "शलू बसमध्ये बसली असा फोन आला की मी ऑपरेशनला आत जाईन. नाही आला तर सरळ घरी येईन. मी सांगून ठेवते."

ती आली असती. अवीला आपली आई माहीत होती.

तर ती फणी टाकून तो आधी केमिस्टकडे पळाला. केमिस्टनं लोशन दिलं, वर म्हणाला, "आज लगाओ, हफ्ते बाद फिर लगाओ."

"हफ्ते बाद नहीं भैया, कल सुबह तक चाहिए!"

"तो फिर भगवान से माँगो."

लोशन लावलं, धुतलं, फणी फिरवली. उवा जिवंत! जरा सुस्तावलेल्या, बस. मग तिला घेऊन खालच्या पार्लरमध्ये गेला, म्हटलं केसच कापून टाकू. पार्लरवाली आंटी एक नजर टाकून मागे सरली. "ये बाल हम नहीं छुएँगे. बाकी कस्टमर भाग जाएँगी." घरी येऊन स्वयंपाकघरातली कात्री घेतली, तर शलू बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसली.

"दादा, तू कापलेस ना, तर मी आईला सांगेन!"

"बाहेर ये आधी!"

"आधी कात्री ठेव!"

शेवटी त्यानं नगरला अलकामावशीला फोन लावला. मावशी अशा बाबतीत एकदम बिनधास्त. "अरे, एवढंच ना? सीताफळाच्या बिया आहेत का घरी? मीच दिवाळीत दिल्या होत्या प्रभाला, डब्यात बघ. मिक्सरला बारीक कर, खोबरेल तेलात कालव, डोक्याला चोप, फडकं बांध. एक ऊ जगली तर नाव बदलीन. पण हे बघ, अवी, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही हां. बिलकुल नाही. धुताना मान मागे टाकायची तिची."

"हो, हो, मावशी."

हो हो म्हणाला तो. ऐकलंही होतं त्यानं. डबा सापडला, पूड झाली, तेल झालं, फडकं बांधलं, शलू राजासारखी फेटा घालून टीव्हीसमोर बसली. आणि जेव्हा धुवायची वेळ आली तेव्हा अवीनं बाथरूममध्ये बादली ठेवली, स्टूल ठेवलं आणि तिला म्हणाला, "वाक." आई तिला अशीच न्हाऊ घालायची ना, पुढे वाकवून! हात आपोआप तसाच गेला. पहिला तांब्या ओतला आणि शलूनं अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली वाकून विचारलं, "सब ठीक है?"

"हाँ आंटी, साबुन गया आँख में!"

साबण नव्हता तो. अवीनं तिच्या डोळ्यांवर पाणी मारलं, मारतच राहिला, नळाखाली धरलं. ती रडली, मग हुंदके देत थांबली, मग म्हणाली, "आता बरं आहे."

"नक्की?"

"हो म्हटलं ना! डोकं बघ तू आधी."

आणि डोकं? यार, काय सांगू, एकूण एक ऊ मेलेली! टॉवेलवर नुसता सडा. राहिलेल्या लिखा त्यानं नखानं एकेक ओढून काढल्या, आणि ती मांडी घालून, डोळे मिटून, गप्प बसून होती. त्याला वाटलं, झोप आली असेल बिचारीला.

सकाळी डोळे लाल होते. म्हणजे लालच, डाळिंबासारखे, पापण्या सुजलेल्या.

"दुखतंय?"

"नाही."

"उघड बरं पूर्ण."

तिनं जरा उघडले, घळाघळा पाणी आलं, परत मिटले. "उजेड आहे म्हणून. आत्ताच उठले ना मी."

आता ह्या ठिकाणी अवीला कळलं नव्हतं असं नाही हां. कळलं होतं. पण त्याच्या डोक्यात एकच घोकंपट्टी चालू होती, बसमध्ये बसवायचं, बसमध्ये बसवायचं. लाल डोळे बघून मर्सी सिस्टर म्हणतील आय फ्लू आहे, परत जा. म्हणून त्यानं कपाटातून तिचा काळा गॉगल काढला, गुलाबी दांड्यांचा, आणि तिच्या नाकावर चढवला. "उतरवायचा नाही. काही झालं तरी." शलूनं मान हलवली. रिक्षात ती त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून बसली. उतरल्यावरही सोडलं नाही. चल, घाबरलीय, पहिल्यांदा एकटी जातेय, असं त्याला वाटलं.

चर्चच्या गेटवर ही गर्दी. आया, बॅगा, पाण्याच्या बाटल्या, गिटार घेतलेली मोठी मुलं, आणि मधोमध खुर्चीवर मर्सी सिस्टर, हातात कंगवा. शलूचा नंबर आला. सिस्टरनं वेण्या सोडल्या, मानेपासून वर कंगवा नेला, कानामागे पाहिलं. अवी नुसता कंगव्याच्या दातांकडे बघत होता.

"बिल्कुल साफ," सिस्टर म्हणाल्या. "किसने किया? मम्मी तो हॉस्पिटल में है ना?"

"भैया ने."

"शाबाश भैया. और ये हीरोइन चश्मा क्यों?"

"धूप," शलू म्हणाली. एकदम पटकन. जणू घरून पाठ करून आली होती.

झालं! सिस्टर हसल्या, पुढची मुलगी बसली. जयंत अंकल, चर्चच्या मराठी मंडळीचे युथ लीडर, बसच्या दारात उभे राहून नावं पुकारत होते. "ये गं शलोमी, खिडकी घे. अवी, आईला सांग, काळजी करू नकोस म्हणावं." अवीनं तिला हाताला धरून सीटवर बसवलं, बॅग वर टाकली, खाली उतरला. एकदम हलकं वाटलं त्याला. खिशातून फोन काढला, आईचा नंबर लावणार, तेवढ्यात बघतो तर पाण्याची बाटली हातातच राहिलेली.

"शलू! बाटली!"

त्यानं खिडकीखालून बाटली वर केली. तिनं हात बाहेर काढला. आणि हात गेला भलतीकडेच. बाटली इथे, हात तिथे. ती हवेत चाचपत होती, बोटं उघडत होती, मिटत होती, आणि चेहऱ्यावर हसू, अगदी फोटोत हसतो तसं.

"इकडे, शलू."

"हो, दिसतेय," ती म्हणाली, आणि हात अजून लांब नेला.

अवी धावतच बसमध्ये चढला. गॉगल काढला. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, पापण्यांच्या कडा चिकटलेल्या. घरापासून इथवर ती डोळे मिटून आली होती! जिना, रिक्षा, गेट, तपासणी, सगळं.

"उघड."

"नाही उघडत." आणि मग हळूच, बाजूच्या मुलीला ऐकू जाऊ नये असं, "दादा, जा ना तू. बस सुटू दे. आई घरी येईल नाही तर. तिकडे डोंगरात बरं होईल ते."

त्यानं तिला उचललं. जयंत अंकल म्हणाले, "अरे, काय झालं?" आणि अवीच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, बिया, तेल, गॉगल, सगळं, चारचौघांत, आयांच्या समोर. अंकलनी कपाळावर हात मारला. "गाढवा, एक फोन करायचा होतास! तुझी आई पण तशीच आणि तू पण तसाच." पण बसमध्ये चाळीस मुलं, ते काय करणार? मर्सी सिस्टरनी गॉगल काढून पाहिलं, चेहरा उतरला त्यांचा. "अभी ले जाओ. अभी. जहाँ मम्मी है, वहीं आँखों की कैजुअल्टी है." बस गेली. मुलं आत टाळ्या वाजवत होती.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता, त्यानं डोळ्यांत थेंब घातले, निळा उजेड टाकून पाहिलं, मग सलाइननं कितीतरी वेळ धुतले. "कॉर्निया पे खरोंच है, दोनों में. ठीक हो जाना चाहिए. चाहिए बोल रहा हूँ. एक रात पहले क्यों नहीं आए?"  मलम घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उद्या सकाळी परत बघू म्हणाला, तोवर काही सांगता येत नाही.

आणि आई त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. वर लहान मुलांना सोडत नाहीत. लिफ्टपाशी गार्डनं हातच आडवा घातला, "बच्चा अलाउड नहीं है." म्हणून दोघं खालच्या बाकावर बसले, कॅम्पची बॅग मध्ये. फोनवर आईचे मिस्ड कॉल दिसत होते, परत वाजला.

"बसली का रे ती? किती वेळ झाला! इथे मला घ्यायला आलेत, मी थांबवून ठेवलंय."

अवीनं फोनच्या माइकवर बोट दाबलं.  खरं सांगावं तर ती गाउनवर साडी गुंडाळून खाली येणार. खोटं, तर... त्यानं शलूकडे पाहिलं. पट्टीखाली तिचं नाक लाल झालं होतं. तिनं हात पुढे केला, हवेतच.

"मला दे."

"शलू..."

"दे ना!" तिनं फोन कानाला लावला. "आई! खिडकी मिळाली मला! दादानं त्याचा फोन माझ्याकडे दिलाय!"

पलीकडून आई काय म्हणाली ते अवीला ऐकू येत नव्हतं. फक्त शलूचं बोलणं.

"नाही, उलटी नाही झाली... ऊस दिसतोय. नुसता ऊस. आणि आंबेवाले बसलेत रस्त्यावर... डोंगर अजून नाही गं, डोंगर दुपारी येणार." समोरून एक स्ट्रेचर करकरत गेलं. "ते? ते बसचं दार. मुलं सूसूला उतरलीत... हो. हो, करीन प्रार्थना. तू जा आता. रेंज जातेय."

फोन बंद केला आणि ती दोन्ही हात मांडीत घालून बसली. "दादा, पट्टी ओली झाली तर चालते का?"

"नको रडूस. नको, प्लीज."

गार्डनं सगळं ऐकलं होतं. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "जा ऊपर. मैं देख रहा हूँ."

वर आई ट्रॉलीवर होती, केस टोपीत कोंबलेले, अगदी लहान दिसत होती. "गेली ना? रडली नाही ना?" तिनं विचारलं. अवी म्हणाला, "हसत होती." आईशी त्या दिवशी एवढंच खरं बोलला तो. आईनं कागदावर सही केली, त्याचा हात दाबला, आणि ट्रॉली आत गेली. ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणाली, "अटेंडेंट दरवाज़े पे ही रहना. खून लग सकता है, कभी भी बुलाएँगे. हिलना मत."

दार लागलं. अवी दारापाशी उभा राहिला. मग जिन्यापाशी गेला. एक मजला उतरला, थांबला. वर कोणी नाव पुकारलं असं वाटलं, धावत वर आला, कोणी नव्हतं. परत उतरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथून वरचं दारही दिसत नाही आणि खालचा बाकही दिसत नाही, तिथे कठडा धरून तो पायरीवर बसला, आणि दोन्हीकडे कान लावून ऐकत राहिला.