अकोल्याची ती लांब उडी

मित्रांनो, मी लांब उडी मोजणारी एक जुनी टेप आहे. आपली कहाणी सांगताना आधी कौतुकाच्या गोष्टी सांगायची रीत आहे. मीही त्या सांगेन, पण थोडक्यात. कारण जे सांगण्यासाठी मी आज बोलते आहे ते कौतुकाचे नाही. माझ्या अंगावरचा एक चुकीचा आकडा मोठ्याने वाचला गेला आणि एका माणसाची हक्काची संधी गेली.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जाड कापडाची पन्नास फूट लांब फीत, तिच्यावर पिवळे रोगण, फूट आणि इंचांच्या काळ्या खुणा, टोकाला पितळी कडी आणि राहायला चामड्याची गोल डबी, असे माझे रूप होते. १९५१ साली अमरावतीच्या नवप्रभात क्रीडा मंडळाने मला नागपूरहून आणले. मंडळाचे मैदान म्हणजे गावाबाहेरची काळी जमीन. एका कडेला लांब उडीचा खड्डा होता आणि त्यात पेढी नदीची वाळू बैलगाडीने आणून टाकलेली होती.

मंडळाचे सगळे काम जानराव मास्तर पाहत. दिवसा ते शाळेत कवायत शिकवत आणि संध्याकाळी मैदानावर येत. पहिल्या वर्षांत त्यांनी मला फार जपले. काम झाले की ते कोरड्या फडक्याने माझ्यावरची वाळू पुसत आणि मगच मला गुंडाळत. मला उलगडले की मुले गोळा होत. "मास्तर, किती भरली? मास्तर, किती?" असा गलका होई. मी सांगेन तो शब्द शेवटचा असे. मला त्याचा अभिमान होता.

अभिमान माझा होता, पण मला जपणारे हात दुसऱ्याचे होते. मंडळ वाढले, मुले वाढली, मास्तरांची धावपळही वाढली. १९५७ च्या पावसाळ्यात एकदा ओल्या वाळूतून काढून मला तसेच डबीत गुंडाळून ठेवले. मग कित्येक दिवस मला कोणी उघडलेच नाही. कडीजवळचे कापड आतल्या आत कुजले. दिवाळीनंतर सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी कोणीतरी कडीला हिसका दिला आणि ती तुटून हातात आली. माझे पहिले चार इंच चिंधीसारखे लोंबू लागले.

तेव्हा धर्मपाल नावाचा तरुण मला आपल्या घरी घेऊन गेला. तो मंडळाचा लांब उडीचा खेळाडू होता आणि एका छापखान्यात अक्षरे जुळवण्याचे काम करी. वर्षभरापूर्वी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्याने हे नाव घेतले. जुन्या नावाने कोणी हाक मारली तर तो वळूनही पाहत नसे. त्याची धाकटी बहीण वच्छला शिवणकाम करी. तिने कुजलेले कापड कापून टाकले आणि चार इंचांच्या खुणेवर कडी पक्की शिवली.

"दादा, मास्तरले सांगजो," ती म्हणाली, "आता हे टेप चार इंच जास्त दाखवते. मोजलं का चार वजा करा लागतीन."

धर्मपालने निरोप दिला. मास्तर हसून म्हणाले, "करू ना वजा. नवी टेप येतपर्यंत चालून जाईन."

मित्रांनो, "चालून जाईन" हे शब्द मी तेव्हा आनंदाने ऐकले. मला टाकून देणार नाहीत, एवढेच मला कळले. पुढचे दोन महिने मास्तर न चुकता मनात चार वजा करून आकडा सांगत. धर्मपालची सर्वांत लांब उडी खरोखरची वीस फूट दहा इंच भरली होती.

१९५८ च्या जानेवारीत अकोल्याला लीगचा शेवटचा सामना होता. वऱ्हाडातली मंडळे वर्षभर एकमेकांशी खेळत आणि सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या मंडळाला लाकडी ढाल मिळे. आमच्या मंडळाने ती कधीच जिंकली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष खुशालराव यांनी तर ढाल टांगायला कचेरीच्या भिंतीत खिळाही ठोकून ठेवला होता.

त्या दिवशी आमची मुले जिवाच्या आकांताने खेळली. वरूडकडचा चंद्रभान संत्र्याच्या बागेला पाणी देण्याचे काम करी. तो अर्ध्या मैलाच्या शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत चौथा होता आणि तिथून पुढे असा सुटला की दोरी त्यानेच तोडली. उंच उडीत आमचा दुसरा क्रमांक आला. रिलेमध्ये मात्र तिसऱ्या मुलाच्या हातातून दांडी पडली आणि आम्ही शेवटचे आलो. दुपारी एकच स्पर्धा उरली, लांब उडी. अमरावती आणि अकोला, दोघांचेही गुण सत्तावन्न झाले होते. पहिल्या क्रमांकाला पाच गुण होते, दुसऱ्याला तीन. शिवाय लांब उडी जिंकणारा पंधरा दिवसांनी नागपूरला राज्याच्या संघाच्या निवड चाचणीसाठी जाणार होता.

अकोल्याकडून देवमन उडी मारत होता. तो जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी दाबण्याचे काम करी. वय सत्तावीस, अंगाने सडपातळ, बोलणे कमी. धावत येताना त्याच्या पायांचा आवाजही येत नसे. चौथ्या फेरीत त्याने एकवीस फूट एक इंच उडी मारली. ती अकोल्याच्या चांगल्या टेपने मोजली होती. लगेच एका खेळाडूचा खिळ्यांचा बूट त्या टेपवर पडला आणि ती मधोमध फाटली.

"अमरावतीवाल्यायची टेप आना," पंचांनी सांगितले.

मला बाहेर काढण्यात आले. माझी कडी वाळूतल्या खुणेवर अकोल्याच्या एका गृहस्थांनी धरली आणि उडीच्या फळीजवळ आकडा वाचायला जानराव मास्तर बसले. मास्तरांनी पंचांना एकदा सांगायला हवे होते की ही टेप तुटकी आहे. त्यांनी सांगितले नाही. लाज वाटली असेल. पहिल्या दोन उड्यांना त्यांनी बरोबर चार वजा केले. खुणेवर आलेला त्यांचा अंगठा चार इंच मागे सरकला, तो मला जाणवला.

शेवटच्या फेरीत देवमनचा पाय फळीच्या पुढे पडला. ती उडी बाद झाली. मग राहिला फक्त धर्मपाल. तो बराच वेळ उभा राहिला. मग धावत आला, फळीवर पाय आपटला आणि हवेत उठला. तशी उडी त्याने आयुष्यात मारली नव्हती. वाळू उडाली आणि सगळे खड्ड्याकडे झुकून पाहू लागले. मास्तरांनी मला ताणले, खाली वाकून पाहिले आणि ओरडले, "एकवीस फूट तीन इंच!"

त्यांचा अंगठा मागे सरकला नव्हता.

खरी उडी वीस फूट अकरा इंच होती. ती धर्मपालची आयुष्यातली सर्वांत मोठी उडी होती, आणि देवमनपेक्षा दोन इंच कमी होती. पण पोरांनी धर्मपालला खांद्यावर उचलले. खुशालराव टोपी उडवून नाचू लागले. मास्तर अजून खालीच बसून होते. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग दूर वाळूतल्या माझ्या कडीकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी मला भराभर गुंडाळले. त्या दिवशी मला पुसायचेही ते विसरले.

आणि मी? मला बोलता येत नव्हते, अशी सबब मी सांगू शकते. पण खरे सांगायचे तर मला तो आकडा आवडला होता. इतक्या वर्षांत माझ्या अंगावरचा आकडा ऐकून एवढे लोक कधी नाचले नव्हते. त्या आनंदात मीही गप्प बसले. माझ्या मनाला आजही टोचते ते हेच.

ढाल अमरावतीला आली. धर्मपाल नागपूरला गेला, तिथे सहावा आला आणि हिरमुसला होऊन परतला. मास्तरांनी मला पंधरा दिवस हातात घेतले नाही. एक दिवस त्यांनी मला धर्मपालकडे दिले. "वच्छलाले म्हन, कडी नीट करता येते का पाहाय," एवढेच ते म्हणाले आणि निघून गेले.

वच्छलाने मला मांडीवर घेतले आणि सहज विचारले, "दादा, अकोल्याले चार वजा केले होते ना?"

धर्मपाल भाकरी खात होता. त्याचा घास हातातच राहिला. "मास्तर करतेतच," तो म्हणाला. "करतेतच ना?"

रविवारी वस्तीत वंदना झाली. सगळ्यांबरोबर धर्मपालही पंचशील म्हणत होता. खोटे न बोलण्याचे शील आले तेव्हा त्याचा आवाज बंद पडला. हे वच्छलाने घरी येऊन बापाला, पुंजाजींना सांगितले. पुंजाजी मजुरी करणारे, थोडके बोलणारे. ते मुलाला म्हणाले, "मास्तरले इचारून ये. आतल्या आत कुढू नको."

धर्मपाल मला घेऊन मास्तरांच्या घरी गेला. त्याने काही विचारायच्या आधीच मास्तर बोलले.

"धर्मा, माया चुकीनं झालं. वजा कराचं राहून गेलं."

"तुमाले कवा समजलं, मास्तर?"

"त्याच वक्ती."

"मंग काहून नाई बोलले?"

"पोरं तुले खांद्यावर घेऊन नाचून राहिले होते. माया तोंडातून शब्दच नाई निघाला. मंग ढाल देल्ली. मंग गाडी सुटली. जसजसा वेळ गेला, तसतसं कठीन होत गेलं."

धर्मपालने मला मास्तरांच्या पुढ्यात ठेवले. मग म्हणाला, "मास्तर, हे उद्या कोनाले समजलं तर तुमाले लोक भुलक्कड म्हनतीन. मले चोर म्हनतीन. आमच्या वस्तीतल्या पोराले चोर म्हनाले लोकाईले टाइम नाई लागत. पन त्याच्यासाठी नाई बोलून राहिलो मी. त्या मानसाची उडी माह्यापेक्षा मोठी होती."

मास्तरांनी त्याच दिवशी लीगच्या चिटणिसांना पत्र लिहिले. खुशालराव संतापले. "पयल्यांदा ढाल आली, अन् तुमी ते आपल्या हातानं वापस देता?" ते ओरडले. काही मुले महिनाभर धर्मपालशी बोलली नाहीत. पण निकाल बदलला. अकोला बासष्ट, अमरावती साठ. मास्तर आणि धर्मपाल एसटीने अकोल्याला गेले. ढाल अकोल्याच्या मंडळात दिली, आणि पदक व मला घेऊन ते दोघे जिनिंग फॅक्टरीत देवमनकडे गेले.

देवमनच्या केसांना, भुवयांना कापूस चिकटलेला होता. धर्मपालने सगळे सांगितले. देवमनने माझी कडी हातात घेतली आणि तिच्याजवळचा चारचा आकडा बोटाने चाचपला.

"माफ करजा, भाऊ," धर्मपाल पदक पुढे करत म्हणाला.

"तुयावर राग नाई," देवमन म्हणाला. "तू तं सांगाले आला." त्याने पदक घेतले. "हे माया पोरीले दाखवीन. नागपूरसाठी नवी चड्डी शिवून ठेवली होती. अजून तिची घडी नाई मोडली. सत्तावीस भरले मले. आता पुढं नवे पोट्टे येतीन."

मग तो मास्तरांकडे वळला.

"मास्तर, तुमाले तवाच समजलं होतं ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मंग तवाच बोलाचं." एवढे बोलून तो गाठी दाबायला आत निघून गेला.

पुढच्या वर्षीच्या सामन्यात देवमन आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याने उडी मारणे सोडले, असे कोणीतरी सांगितले. मास्तर मात्र दर वर्षी अकोल्याच्या खड्ड्याजवळ उभे राहून खेळाडूंच्या रांगेकडे पाहत राहत. धर्मपालने पुढे मुलांना उडी शिकवायला सुरुवात केली. मोजताना तो दोघांना आकडा वाचायला लावी आणि दोघांचा जुळला तरच लिही. काही वर्षांनी फूट-इंच गेले, मीटर आले आणि मंडळात पोलादी टेप आली. १९६६ मध्ये मास्तर निवृत्त झाले. जाताना त्यांनी मंडळाकडून एकच वस्तू मागितली, ती म्हणजे मी. आता मी त्यांच्या कपाटात असते. ते मला कोणाला दाखवत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत.

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तू जपा. टेप असो, तराजू असो की घड्याळ असो, ती ओली ठेवू नका, तुटली तर "चालून जाईल" म्हणू नका. त्या वस्तूवर कोणीतरी डोळे मिटून विश्वास ठेवत असतो. आणि इतके करूनही चूक झालीच, तर ती कळली त्याच जागी, लोक नाचत असले तरी, हात वर करून सांगा. क्षणभर सगळे तुमच्यावर रागावतील. पण ढाल नंतरही परत देता येते, पदक परत देता येते. देवमनला नागपूर परत देता आले नाही.