तांबं-स्टीलचं कडं

"वहिनी, हे शोकेसमध्ये ठेवा. बाळाच्या हातात घालू नका," सुश्रुत म्हणाला होता. तो योगेशच्या कारखान्यातला सोबती. येता-जाता चेष्टा करायची त्याची सवय, म्हणून वृषालीने हेही हसण्यावारी नेलं. "का हो भावजी, दृष्ट लागेल का?" असं म्हणत तिने कडं लेकीच्या, ईराच्या, हातात सरकवलंसुद्धा.

कडं होतंच तसं देखणं. अर्धं तांब्याचं, अर्धं स्टीलचं. नगरच्या एमआयडीसीत तिचा नवरा योगेश ज्या मशीनवर असतो, तिथे धातूची पावडर फवारतात, ती लेझरने वितळवतात आणि थरावर थर चढवत वस्तू उभी करतात. मशीनच्या चाचणीत त्याने अशी दोन कडी केली होती. सांधा नखालाही लागत नव्हता.

आता ईराच्या मनगटाभोवती लालभडक पुरळ उठलं होतं.

"घामोळं असेल, नाहीतर निकेलही बाधलं असेल," डॉक्टर म्हणाले. "कडं काढा, मग बघू."

"कड्यात निकेल कुठून आलं?" घरी येताच तिने नवऱ्याला धरलं.

"तांबं आणि स्टील सरळ जोडलं की तडा जातो. म्हणून मधे निकेलचा थर देतो. अगदी बारीक असतो गं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलंस कधी? आणि निकेल तर आपल्या चमच्यातही असतं."

ईराला खिमट भरवता भरवता वृषाली हातातल्या चमच्याकडे बघतच राहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली ती, पण कुठल्या निकेलला भ्यायचं नि कुठल्याला नाही, काही उमगेना. चमचा वाटीत ठेवला, परत उचलला. कडं काढल्यावर मनगट निवळत गेलं, तोवर मानेवर पुटकुळ्या आल्या. मग घामोळंच का? की दोन्ही?

आणि दुसरं कडं! ते तिनेच खालच्या मजल्यावरच्या अश्विनीला दिलं होतं. "माझ्या लेकाला पन दे की गं, लई भारी दिसतंय," म्हणून ती मागेच लागली होती. पुढे तिचं बिऱ्हाड जामखेडला हललं. आता फोन लावावा तर बंद.

जामखेडला तुमचं कुणी असेल, तर वृषालीची एवढी विनंती आहे. स्टँडच्या मागच्या बाजूला नगरहून आलेली अश्विनी राहते, तिला शोधा. कडं काढायला सांगा. बाळाचं मनगट तेवढं बघा, आणि लाल असो-नसो, कळवा.