अकरा वेळा एक

आनंदीनं शेवटची वजाबाकी केली आणि पाटीवर काहीच उरलं नाही. पूज्य! तिनं डोळे चोळले, पाटी पुसली, पहिल्यापासून पुन्हा मांडणी केली. पुन्हा पूज्यच.

ओळीनं अकरा वेळा एक लिहिलेली ती संख्या. तिच्या वडिलांनी, आत्माराम मास्तरांनी, अख्ख्या तारापुरात सांगून ठेवलं होतं की ही मूळ संख्या हाय, हिला दुसरी कुठलीच संख्या भागत नाय. गावाला काय, भागाकार करून बघायला वेळ होता कोणाला! अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे ओव्हरसियर संध्याकाळी ओट्यावर बसून चहा पीत आणि मास्तरांपुढे माना डोलवत.

पुढे मास्तरांना मोतीबिंदू झाला आणि उरलेले भागाकार लेकीच्या गळ्यात पडले.

"एक लाख साडेपाच हजारांपर्यंत एकेक मूळ संख्या लावून बघ," मास्तर म्हणाले होते. "त्याच्यापुढे बघायची गरज नाय. भाग गेला तरी काम संपलं, नाय गेला तरी संपलं. मग खुशाल जा मास्तरणीच्या ट्रेनिंगला."

त्याला चार वर्षं झाली. आई गेल्यापासून चूल, वाडी, गुरं, सगळं आनंदीच्याच माथी. उरलेल्या वेळात भागाकार होणार किती, कपाळ! आणि यंदा ट्रेनिंगची वयाची अट संपत होती. पंचवीस हजारांच्या आतले भागाकार मास्तरांनी स्वतः केले होते. पण तेव्हाही त्यांची नजर अधूच होती. एखादा आकडा हुकला असला तर? म्हणून हल्ली ती गुपचूप तेच पुन्हा करून बघत होती.

पाटी घेऊन ती धावतच ओट्यावर आली. मास्तर चाचपत वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

"अण्णा, भाग गेला! निःशेष गेला! तुमच्या हातून हुकला होता, पण बरंच झालं की. आता मी उद्याच अर्ज टाकते."

आनंदानं तिला धाप लागली होती. मास्तरांचा हात काही थांबला नाही. कुठल्या आकड्यानं गेला, असंही त्यांनी विचारलं नाही.

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास ना?"

आनंदी चमकली. तिनं तर आकडा सांगितलाच नव्हता.

"तुमाला ठाऊक होतं?"

"तुझी आई होती तेव्हापासून."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पाटी तिथंच दगडावर आपटावी असं तिला वाटलं.

"मग चार वर्षं मी काय करत होते, अण्णा?"

मास्तरांनी सोललेल्या वालांनी भरलेलं सूप तिच्याकडे सरकवलं.

"घरात होतीस," ते म्हणाले.